पेट्रस काम्पर

पेट्रस काम्पर (११ मे, १७२२ - ७ एप्रिल, १७८९) हे अठराव्या शतकातील डच शरीररचनाशास्त्रज्ञ, शल्यचिकित्सक, निसर्गाभ्यासक आणि कुशल चित्रकार होते. फ्रानेकर, ॲमस्टरडॅम आणि ग्रोनिंगेन येथे त्यांनी अध्यापन केले. पक्ष्यांच्या हाडांतील हवा, ओरांगउटानची शरीररचना, गुरांतील बुळकांडीचा रोग आणि मानवी चेहऱ्याचे मोजमाप अशा दूरदूरच्या विषयांवर त्यांनी संशोधन केले. १७८१ मध्ये त्यांनी उत्तम पादत्राणाच्या आकारावर एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. कुरूप, वाकडी झालेली बोटे आणि इतर पाऊलदुखी यांचा संबंध पायातील जोड्याच्या घडणीशी शरीररचनेच्या आधारे जोडून दाखवणारे हे आरंभीच्या महत्त्वाच्या लेखनांपैकी एक मानले जाते.

जन्म व शिक्षण

काम्पर यांचा जन्म नेदरलँड्समधील लायडेन या विद्यापीठनगरीत झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. डच ईस्ट इंडीजमधील बटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथे काही काळ काढून ते मायदेशी परतले होते. घरची स्थिती संपन्न होती आणि घरी विद्वानांचा व कलावंतांचा राबता असे. त्या काळचे युरोपातील सर्वांत नामांकित वैद्य हर्मान बोअरहाव्ह हे या कुटुंबाच्या परिचयाचे होते. लहानपणीच काम्पर यांना चित्रकलेचे रीतसर शिक्षण मिळाले. पुढे आपल्या ग्रंथांतील अनेक आकृत्या त्यांनी स्वतःच काढल्या. पाहिलेली वस्तू अचूक रेखाटल्याशिवाय ती पूर्ण कळत नाही, ही त्यांची धारणा या शिक्षणातून घडली.

वयाच्या बाराव्या वर्षी, १७३४ मध्ये, त्यांचे नाव लायडेन विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी पीटर फान मुसेनब्रुक यांच्याकडे पदार्थविज्ञानाचे, तर बर्नहार्ड सिगफ्रीड अल्बिनस यांच्याकडे शरीररचनेचे धडे घेतले. १७४६ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञान व वैद्यक या दोन्ही शाखांची पदवी संपादन केली. त्यासाठी लिहिलेले त्यांचे दोन्ही प्रबंध दृष्टी आणि डोळ्याची रचना या विषयांवर होते.

प्रवास व प्राध्यापकपद

आईवडिलांच्या निधनानंतर १७४८ मध्ये काम्पर परदेश प्रवासास निघाले. लंडनमध्ये त्यांनी प्रसूतिशास्त्रज्ञ विल्यम स्मेली यांच्याकडे अध्ययन केले. स्मेली यांनी १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रसूतिविषयक चित्रसंग्रहातील ३९ फलकांपैकी ११ फलक काम्पर यांच्या रेखाटनांवर आधारलेले आहेत. लंडनहून ते पॅरिसला गेले. १७५० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ वर्षे होते.

याच सुमारास फ्रिसलंड प्रांतातील फ्रानेकर विद्यापीठात तत्त्वज्ञान, शरीररचना आणि शल्यशास्त्र या विषयांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १७५५ मध्ये ते ॲमस्टरडॅमला गेले. तेथील त्यांची जाहीर शवविच्छेदने व व्याख्याने ऐकण्यास विद्यार्थ्यांबरोबरच शल्यवैद्य आणि सामान्य नागरिकही येत. चित्रकार तिबाउट रेख्टर्स यांनी १७५८ मध्ये रंगवलेल्या समूहचित्रात काम्पर शल्यवैद्यांना धडा देताना दिसतात.

१७५६ मध्ये त्यांचा विवाह योहाना बूरबूम यांच्याशी झाला. त्या हार्लिंगेन शहराच्या दिवंगत नगराध्यक्षांच्या विधवा होत्या. १७६१ मध्ये काम्पर अध्यापन सोडून फ्रानेकरजवळील क्लेन लांकुम या वाडीवर राहू लागले. १७६३ मध्ये मात्र ग्रोनिंगेन विद्यापीठाचे बोलावणे त्यांनी स्वीकारले आणि १७७३ पर्यंत तेथे वैद्यक, शरीररचना, शल्यशास्त्र व वनस्पतिशास्त्र शिकवले. त्यानंतर ते पुन्हा क्लेन लांकुमला परतले. १७७६ मध्ये पत्नीचे निधन झाल्यावर त्यांचा बराच काळ प्रवास आणि लेखन यांत गेला.

शरीररचनेतील संशोधन

काम्पर यांच्या संशोधनात माणूस आणि प्राणी यांची रचना शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत सर्वत्र आढळते. पक्ष्यांच्या अनेक हाडांच्या पोकळीत हवा असते आणि ती श्वसनमार्गाशी जोडलेली असते, हे त्यांनी १७७१ च्या सुमारास दाखवले. इंग्लंडमध्ये जॉन हंटर यांनीही काही काळाने स्वतंत्रपणे हेच निरीक्षण मांडले. ओरांगउटानचे त्यांनी स्वतः विच्छेदन केले. या प्राण्याच्या स्वरयंत्राजवळील हवेच्या पिशव्यांमुळे त्याला माणसाप्रमाणे बोलता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १७७९ मध्ये रॉयल सोसायटीला सादर केला.

बुळकांडीच्या साथींनी त्या शतकात नेदरलँड्समधील गोठेच्या गोठे ओस पडत असत. माणसांना देवी टोचण्याची पद्धत गुरांनाही लावून या रोगाला आळा घालता येईल का, याचे प्रयोग काम्पर यांनी ग्रोनिंगेन व फ्रिसलंड भागांत केले. विद्यापीठातील ज्ञान शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता. पुढे पादत्राणांविषयी लिहितानाही त्यांची हीच वृत्ती दिसून आली.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. मास्ट्रिख्टजवळ सापडलेल्या प्रचंड जबड्याचे जीवाश्म त्यांनी देवमाशाचे ठरवले होते. तो सरडावर्गीय प्राणी असल्याचे पुढे त्यांचे पुत्र आद्रियान यांनी ओळखले. आज तो प्राणी मोसासॉरस या नावाने ओळखला जातो. कवी योहान वोल्फगांग फोन गटे यांनी मानवी वरच्या जबड्यातील एका हाडाविषयीचा आपला निबंध काम्पर यांच्या अभिप्रायासाठी पाठवला असता, माणसात ते हाड स्वतंत्रपणे असते हे मत त्यांनी मान्य केले नाही.

पादत्राणांवरील प्रबंध

पार्श्वभूमी

अठराव्या शतकातील युरोपात शहरी माणसाचे पाऊल जोड्यात जखडलेले असे. सतराव्या शतकात उंच टाचेची रीत रुळल्यानंतर बहुतेक जोडे सरळ कलबुतावर घडवले जात. डाव्या आणि उजव्या पायासाठी वेगळा आकार नसे. दोन्ही जोडे एकसारखे शिवले जात आणि वापरता वापरता ते ज्या त्या पायाला जुळवून घ्यावे लागत. उंच टाच आणि निमुळते टोक ही दरबारी प्रतिष्ठेची खूण होती. ती आधी पुरुषांच्याही पायांत होती, नंतर मुख्यतः स्त्रियांच्या पायांत राहिली. लहान मुलांनाही मोठ्यांच्या जोड्यांची छोटी प्रत घातली जाई.

अशा जोड्यांमुळे होणारे त्रास सर्वांच्या परिचयाचे होते. तरीही विद्यापीठात शिकलेले वैद्य त्यांकडे क्वचितच लक्ष देत. कुरूप कापून देणारे लोक गावोगाव, बाजारांतून आणि जत्रांतून फिरत. पायाच्या दुखण्यासाठी सामान्य माणसाला बहुधा त्यांच्यावरच विसंबावे लागे. चुकीच्या हातून खोल गेलेल्या एखाद्या कापातून जखम चिघळली, तर ती जिवावर बेतण्याचाही धोका असे.

लेखनाचे निमित्त

हा प्रबंध विद्यार्थ्यांशी झालेल्या थट्टामस्करीच्या चर्चेतून जन्मला, असे सांगितले जाते. लेखनासाठी भव्य विषयच हवा असे नाही. जाणकाराने हाताळला तर कितीही क्षुल्लक विषय उपयुक्त आणि वाचनीय होऊ शकतो, असे काम्पर यांचे म्हणणे होते. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी जोडा हा विषय निवडला. निमित्त थट्टेचे असले तरी विवेचन गंभीर होते. घोडे, खेचरे आणि बैल यांच्या खुरांची निगा राखण्यासाठी विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या परिश्रम घेतले. माणसाचे पाऊल मात्र त्यांनी फॅशनच्या आणि कारागिराच्या अज्ञानाच्या हवाली केले, अशी तक्रार त्यांनी आरंभीच मांडली.

विवेचन

काम्पर यांनी सुरुवात हाडांपासून केली. मानवी पावलात २६ प्रमुख हाडे असतात. घोट्याच्या बाजूची ७, मधली लांबट ५ आणि बोटांची १४. ही हाडे अस्थिबंधांनी बांधलेली असून त्यांतून पावलाची कमान तयार होते. उभे राहताना व चालताना शरीराचा भार टाच आणि चवडा यांवर वाटला जातो. भार पडताच कमान किंचित पसरते आणि पाऊल लांब होते. काम्पर यांनी या लांबण्याकडे विशेष लक्ष वेधले. पाऊल म्हणजे न बदलणारा लाकडी ठोकळा आहे असे समजून माप घेतले, तर जोडा चालताना आखूड पडणारच, हा त्यांच्या विवेचनाचा एक मुख्य मुद्दा होता.

दुसरा मुद्दा टाचेच्या उंचीचा होता. जोड्याची टाच जितकी उंच तितका शरीराचा भार पुढे चवड्यावर आणि बोटांवर सरकतो. पाऊल उतारावर ठेवल्यासारखे पुढे घसरते आणि बोटे जोड्याच्या निमुळत्या टोकात कोंबली जातात. उंच टाचेच्या जोड्यातील पावलाची हाडे कशा स्थितीत राहतात, हे त्यांनी आकृतीच्या साहाय्याने दाखवले. क्ष-किरणांचा शोध लागण्यास त्या वेळी शंभराहून अधिक वर्षे अवकाश होता. त्यामुळे जोड्याच्या आत दडलेले पाऊल वाचकाला दाखवण्याचे काम शरीररचनेचे ज्ञान आणि चित्रकाराचा हात या दोघांनाच करावे लागले.

वाकडीतिकडी झालेली बोटे आणि कुरूपे ही वाईट घडणीच्या जोड्यांची फळे आहेत, असे काम्पर यांनी स्पष्टपणे मांडले. मुलांच्या पावलांची त्यांना विशेष चिंता होती. वाढत्या वयात हाडे मऊ असतात आणि त्या वेळी पडलेला दाब पावलाला कायमचे वळण लावतो. म्हणून जोड्याचा आकार पावलावरून ठरला पाहिजे, पावलाचा आकार जोड्यावरून नव्हे, हा या प्रबंधाचा सारांश होय.

पावलाचे सामान्य विकार आणि काम्पर यांची मांडणी

काम्पर यांनी ज्या त्रासांकडे लक्ष वेधले ते आजही सर्वत्र आढळतात. आधुनिक वैद्यकाने त्यांची कारणे अधिक नेमकेपणाने सांगितली आहेत.

कुरूप हा त्वचेने सततच्या दाबाला व घर्षणाला दिलेला प्रतिसाद असतो. त्वचेचा वरचा थर जाड होत जातो. हा जाडपणा पसरट राहिला तर त्याला घट्टा म्हणतात. तोच एका बिंदूवर एकवटून आत टोक असलेल्या खुंटीसारखा झाला, की त्याचे कुरूप होते. हे टोक आतील मज्जातंतूंवर दाबत असल्याने चालताना कळ येते. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला आणि बोटांच्या सांध्यांवर टणक कुरूप होते. दोन बोटांच्या बेचक्यात घामाने ओलसर राहणारे कुरूप मऊ असते. कुरूप कापले तरी दाब कायम असेल तर ते पुन्हा येते. म्हणूनच उपायाचा आरंभ जोडा बदलण्यापासून करावा लागतो.

अंगठ्याच्या बुडाशी येणाऱ्या हाडाच्या उंचवट्यात अंगठा हळूहळू इतर बोटांकडे झुकतो आणि त्याच्या मागचे लांब हाड विरुद्ध दिशेला, म्हणजे दुसऱ्या पावलाच्या बाजूला सरकते. निमुळत्या जोड्याने हा त्रास वाढतो आणि उंचवट्यावरील त्वचा लाल होऊन दुखते. बोटे आखूड जोड्यात दुमडून राहिली की त्यांचे सांधे तसेच आखडतात आणि बोट हातोड्यासारखे वाकलेले दिसते. नखाचे कोपरे गोल कापण्याची सवय आणि पुढून दाबणारा जोडा यांमुळे अंगठ्याचे नख कडेच्या मांसात रुतते. तेथे सूज येऊन पू होऊ शकतो. यासाठी नख सरळ रेषेत आणि फार खोल न जाता कापावे, असे सांगितले जाते.

काम्पर यांच्या मांडणीला मर्यादाही आहेत. अंगठ्याचा उंचवटा केवळ जोड्यामुळे होतो असे नाही. त्यामागे आनुवंशिकता व सांध्यांचा सैलपणाही असतो. बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या बुरशीमुळे होतात, हे त्यांच्या काळी ज्ञात नव्हते. बंद जोड्यातील घाम आणि दमटपणा त्या बुरशीला पोषक ठरतो. मधुमेहात पावलाची संवेदना कमी होते. अशा वेळी जोडा चावत असल्याचे माणसाला कळतच नाही आणि साध्या घट्ट्याखाली खोल व्रण तयार होतो. अशा रुग्णांनी कुरूप स्वतः कापू नये, रोज पाऊल तपासावे आणि लहान जखमही वैद्याला दाखवावी, असा सल्ला दिला जातो. काम्पर यांनी जोडा आणि पाऊल यांच्या नात्याचा जो प्रश्न उपस्थित केला, तो या रुग्णांच्या बाबतीत पाय वाचण्याचा प्रश्न बनतो.

मुखकोन आणि त्याचा गैरवापर

काम्पर यांचे नाव सर्वाधिक गाजले ते मुखकोनामुळे. चेहरा बाजूने पाहताना कपाळापासून वरच्या जबड्यापर्यंत काढलेली रेषा आणि कानाच्या छिद्रापासून नाकाच्या बुडापर्यंत काढलेली रेषा यांतील कोन मोजण्याची पद्धत त्यांनी सुचवली. निरनिराळ्या देशांतील व वयांतील माणसे चितारताना चित्रकारांनी एकाच ठशाचे चेहरे काढू नयेत, हा त्यांचा मूळ हेतू होता. १७७० मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅमच्या चित्रकला अकादमीत या विषयावर व्याख्याने दिली. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात त्यांनी माकडे, निरनिराळ्या वंशांची माणसे आणि ग्रीक शिल्पे यांच्या कवट्या व मस्तके एका ओळीत मांडली होती. एकोणिसाव्या शतकात वंशभेदाच्या समर्थकांनी या मांडणीला श्रेष्ठ-कनिष्ठतेच्या शिडीचे रूप दिले. सर्व मानवजातीचा उगम एकच असून त्वचेचा रंग हा वरवरचा भेद आहे, असे मत काम्पर यांनी १७६४ मध्ये ग्रोनिंगेन येथील व्याख्यानात मांडले होते. तथापि त्यांच्या आकृत्यांनी या गैरवापराला आधार पुरवला, याचीही नोंद इतिहासकार घेतात.

अखेरची वर्षे

काम्पर हे ऑरेंज घराण्याचे समर्थक होते. देशातील राजकीय संघर्षात त्यांनी या घराण्याची बाजू घेतली. १७८५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सहसदस्य म्हणून निवडले. १७८७ मध्ये राज्यपरिषदेवर नेमणूक झाल्यावर ते द हेग येथे राहू लागले. तेथेच ७ एप्रिल, १७८९ रोजी फुप्फुसावरणाच्या दाहाने त्यांचे निधन झाले. लायडेनमधील पीटर्सकेर्क या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे अनेक अप्रकाशित लेख पुत्र आद्रियान यांनी पुढे प्रसिद्ध केले.

प्रभाव

जोड्यांवरील प्रबंधाची लवकरच फ्रेंच व जर्मन भाषांतरे झाली. पाऊलदुखीकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी याच काळात बदलू लागली होती. १७८५ मध्ये डेव्हिड लो यांचा पावलांच्या विकारांवरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये निघाला. १८४५ मध्ये ब्रिटिश राजघराण्याचे पादचिकित्सक लुईस डरलॅकर यांनी कुरूप, अंगठ्याचा उंचवटा आणि नखांचे विकार यांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. १८५८ मध्ये झ्युरिकचे शरीररचनाशास्त्रज्ञ गेओर्ग हर्मान फोन मायर यांनी जोड्याच्या योग्य आकाराची भूमितीय मांडणी केली. निरोगी पावलात अंगठ्याच्या मध्यातून मागे काढलेली रेषा टाचेच्या मध्यातून जाते आणि जोड्याने ही रेषा मोडता कामा नये, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१८६१ मध्ये जेम्स डाउई या जोडे बनवणाऱ्या व्यावसायिकाने आपल्या पुस्तकात काम्पर यांच्या प्रबंधाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर छापले. काम्पर यांची तक्रार विद्वान आणि कारागीर यांच्यातील दुराव्याविषयी होती. ८० वर्षांनी त्यांचे लेखन एका कारागिराच्याच हातून नव्या वाचकांपर्यंत पोहोचले. डाव्या व उजव्या पायासाठी वेगळी कलबुते वापरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली. पायाचे माप दिवसाच्या अखेरीस, उभे राहून आणि दोन्ही पावलांचे घ्यावे, असे आजचे पादचिकित्सक सांगतात. भाराखाली पाऊल लांबते व पसरते, हे काम्पर यांचे निरीक्षण त्यामागे आहे.

पोटाच्या त्वचेखालील चरबीच्या थराला शरीररचनाशास्त्रात आजही काम्पर यांचे नाव आहे. हाताच्या बोटांतील स्नायुबंध जेथे एकमेकांना छेदून जातात त्या जागेलाही त्यांचे नाव दिले गेले आहे. पावलातील कोणत्याही भागाला मात्र त्यांचे नाव नाही.